हौशीचा मोबदला : अमेरिकेतल्या कॉलेजांमधल्या खेळाडू मुली
(अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातींचे पैसे मिळू लागले, त्याच्याशी आपला काय संबंध, असं इथे येताना एस.टी.त एका मैत्रिणीने मला विचारलं. मी तिला म्हटलं, तू अंगणवाडी सेविकांच्या मोर्चात होतीस ना? तिथे मागणी काय होती? मानधन नको, वेतन हवं. कामाला मान म्हटलं की दाम द्यावा लागत नाही, ही युक्ती आपल्याला चांगली ठाऊक आहे. अमेरिकेत शंभरहून अधिक वर्षं तीच युक्ती ‘हौशी खेळाडू’ या शब्दाच्या आधाराने चालली. ती कशी मोडली आणि मोडल्यावर आलेला पैसा मुलींच्या वाट्याला किती आला, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आधी तिथली पद्धत समजून घेऊ. आपल्याकडे कॉलेजचा कबड्डीचा सामना बघायला कोण जातं? वसतिगृहातल्या चार मैत्रिणी. तिकडे मोठ्या विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्याला ऐंशी हजार, लाख माणसं तिकीट काढून बसतात. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. चेंडू हातात धरून एकमेकांच्या अंगावर धावून जायचा, आणि तो जवळजवळ सगळा मुलांचाच. त्याच्या खालोखाल बास्केटबॉल. टीव्हीवाले कोट्यवधी डॉलर मोजतात, नामवंत प्रशिक्षकांचा पगार वर्षाला एक कोटी डॉलरच्याही वर जातो. खेळणाऱ्याला मात्र फार तर शिष्यवृत्ती, म्हणजे फी, राहणं आणि जेवण. १९०६ साली सुरू झालेल्या एन.सी.ए.ए. या संघटनेचा नियम असा की खेळाडूने स्वतःच्या नावावर किंवा चेहऱ्यावर पैसा मिळवला, अगदी सही करून द्यायचे पैसे घेतले, तरी तो अपात्र. विद्यापीठाने मात्र त्याच खेळाडूच्या जिवावर तिकिटं विकायला हरकत नाही.

या नियमाने मुलं नाडली गेलीच. त्यातली फुटबॉल-बास्केटबॉलमधली फार मोठी संख्या गरीब घरच्या कृष्णवर्णीय मुलांची, हे विसरून चालणार नाही. पण मुली वेगळ्या तऱ्हेने नाडल्या गेल्या. मुलापुढे निदान पुढच्या व्यावसायिक लीगची आशा असते. मुलींच्या कितीतरी खेळांत कॉलेजनंतर काहीच नाही. मिसी फ्रँकलिन ही जलतरणपटू २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सतराव्या वर्षी चार सुवर्णपदकं घेऊन आली. त्या वेळी जाहिराती घेतल्या असत्या तर कॉलेजच्या संघातून पोहता आलं नसतं. तिने पैसे नाकारले आणि बर्कलेच्या संघातून पोहली. २०१५ साली ती व्यावसायिक झाली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकाही वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचली नाही. ऐन बहर नियमाच्या कुंपणात गेला. केटलिन ओहाशीचं उदाहरण तर अधिक बोलकं. जानेवारी २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातर्फे तिने केलेल्या जिम्नॅस्टिक्सच्या कसरतीला पूर्ण दहा गुण मिळाले आणि ती चित्रफीत कोट्यवधी लोकांनी पाहिली. तिला त्यातून दमडीही घेता आली नाही, आणि पदवी हातात पडली तेव्हा तिची कॉलेजची कारकीर्द संपलेली होती. तिने हे जाहीरपणे सांगितलं तेव्हा कॅलिफोर्नियाचा कायदा नुकताच झाला होता.

हा कायदा आणण्यात पुढाकार होता नॅन्सी स्किनर या तिथल्या राज्य सिनेटमधल्या बाईचा. खेळाडूने आपलं नाव, छबी आणि ओळख यांवर पैसा मिळवला म्हणून विद्यापीठाने त्याला बाहेर काढायचं नाही, असा तो कायदा. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यावर राज्यपालांची सही झाली. इतर राज्यं मागोमाग आली. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीविरोधी कायद्याच्या एका दाव्यात एन.सी.ए.ए.च्या विरोधात एकमुखी निकाल दिला. दावा शिक्षणासंबंधीच्या सवलतींपुरता होता, पण वारं कुठे वाहतंय ते सगळ्यांना कळलं. तो निकाल शॉन अल्स्टन या फुटबॉलपटूच्या नावाने ओळखला जातो. वादींमध्ये जस्टिन हार्टमन ही बास्केटबॉल खेळणारी मुलगीही होती. तिचं नाव कुणी घेत नाही, म्हणून मी मुद्दाम घेते.

१ जुलै २०२१ ला बंदी उठली. पहिल्याच दिवशी न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकात ज्यांचे फलक झळकले त्या होत्या कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोला बास्केटबॉल खेळणाऱ्या जुळ्या बहिणी, हेली आणि हॅना कॅव्हिंडर. एका मोबाइल कंपनीने त्यांच्याशी करार केला होता. टोकियोत सुवर्णपदक मिळवलेली जिम्नॅस्ट सुनी ली त्याच वर्षी ऑबर्नच्या विद्यापीठात दाखल झाली. तिला मिसी फ्रँकलिनसारखं एक सोडून दुसरं निवडावं लागलं नाही. मला विचाराल तर एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा हा बदल हवाच होता.

पण लगेच दुसरी बाजू दिसली. बाजार कशाची किंमत लावतो? लुइझियानाच्या विद्यापीठातली जिम्नॅस्ट ऑलिव्हिया डन समाजमाध्यमांवरच्या लाखो चाहत्यांमुळे सगळ्यांत जास्त कमावणाऱ्या खेळाडू मुलींपैकी एक झाली. २०२२ साली न्यूयॉर्क टाइम्सने तिच्यावर लेख छापला आणि स्टॅनफर्डच्या ज्येष्ठ प्रशिक्षिका टारा व्हॅनडरव्हीर यांनी त्यात खंत व्यक्त केली की हे मागे जाणं आहे. इथे खेळापेक्षा रूप विकलं जातंय. डनने उलट आपल्या खेळाच्या पोशाखातला फोटो टाकून विचारलं, यात गैर काय? पुढे जानेवारी २०२३ मध्ये एका स्पर्धेला तरुणांच्या घोळक्याने इतका गोंधळ घातला की संघाला सुरक्षा वाढवावी लागली.

आपल्यातल्या जुन्या मैत्रिणींना १९९६ आठवत असेल. बंगलोरला विश्वसुंदरी स्पर्धा झाली तेव्हा आपण बाईच्या देहाच्या बाजाराविरुद्ध बोलत होतो, आणि शेजारच्या फुटपाथवर संस्कृतिरक्षक मंडळी बाईच्या झाकलेल्या देहासाठी घोषणा देत होती. आपलं बोलणं त्यांच्या गलक्यात मिसळू नये म्हणून किती आटापिटा करावा लागला! त्या अनुभवामुळे मी डनला दोष द्यायला धजत नाही. तिने काय घालावं, हा प्रश्नच नाही. दंड पिळदार असलेली, केस आखूड ठेवणारी, काळ्या कातडीची, मुलींवर प्रेम करणारी गोळाफेकपटू तेवढेच तास घाम गाळते, आणि जाहिरातवाल्याला ती दिसत नाही, ही खरी गोची आहे. बाजाराला कुणी समान संधीचा कायदा लावलेला नाही.

इथे थोडी मागची गोष्ट सांगायला हवी. आपल्या चळवळीला ती टोचेल अशी आहे. १९७१ साली तिथल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिकांनी मुलींच्या कॉलेज-खेळांसाठी स्वतःची संघटना काढली. बायकांनी बायकांसाठी चालवलेली. पुरुषांच्या खेळात पैशाने किती कीड लागली आहे हे त्यांनी पाहिलं होतं, म्हणून त्यांनी नियम केला की मुलींना खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायचीच नाही. खेळ शुद्ध राहिला पाहिजे! हेतू उदात्त. पण फ्लोरिडातल्या टेनिसपटू मुली आणि त्यांच्या शिक्षिका १९७३ साली कोर्टात गेल्या: मुलांना शिष्यवृत्ती आणि आम्हाला शुद्धता, हे कसं? संघटनेला नियम बदलावा लागला. शुद्धतेचा खर्च नेहमी बाईनेच का सोसायचा, हा प्रश्न त्या मुलींनी आपल्याच बायांना विचारला. कॉलेजच्या खेळांत पैसा आल्याबद्दल मी पूर्वी नाक मुरडत असे. ही गोष्ट वाचल्यापासून ते बंद केलं.

पुढे झालं असं की मुलींच्या खेळाला भाव येतोय हे दिसताच एन.सी.ए.ए.ने १९८१-८२ पासून स्वतःच्या महिला स्पर्धा सुरू केल्या आणि बायकांची ती संघटना बुडाली. १९७२ मध्ये मुलींच्या संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांना बाई प्रशिक्षक होती; नंतर ते प्रमाण निम्म्याच्याही खाली घसरलं. पैसा आला, त्यामागून पुरुष आले.

१९७२ हे साल त्या कायद्याचं, ज्याला तिथे ‘टायटल नाइन’ म्हणतात. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करायचा नाही. पॅट्सी मिंक आणि एडिथ ग्रीन या दोन खासदार बायकांनी तो लावून धरला. त्याआधी शाळांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्या आत होत्या. २०१८-१९ मध्ये चौतीस लाख झाल्या. पण हा कायदा बांधतो संस्थेला, जाहिरातदाराला नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण सगळी मेख इथे आहे.

बंदी उठल्यावर श्रीमंत देणगीदारांनी आपापल्या लाडक्या विद्यापीठासाठी निधी जमवणारे गट काढले. जाहिरातीच्या नावाखाली खेळाडूंना पैसे द्यायचे, म्हणजे चांगला खेळाडू आपल्याकडे येतो. त्या गटांना तिथे ‘कलेक्टिव्ह’ म्हणतात! आपण हा शब्द कशासाठी वापरतो आणि त्यांनी कशासाठी वापरला पाहा. या गटांचा पैसा प्रामुख्याने फुटबॉलच्या आणि बास्केटबॉलच्या मुलांकडे गेला. विद्यापीठ हात वर करून मोकळं: पैसा आमचा नाही.

मग पैसा विद्यापीठाचाच झाला. ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी एक मोठी तडजोड मंजूर केली. या दाव्यात ग्रँट हाउस या जलतरणपटूबरोबर सेडोना प्रिन्स ही बास्केटबॉलपटू वादी होती. पूर्वी बुडालेल्या कमाईपोटी खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर द्यायचे, आणि १ जुलै २०२५ पासून प्रत्येक मोठं विद्यापीठ आपल्या खेळाडूंना पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटू शकतं. आता त्या जुन्या थकबाकीची वाटणी ऐका. फुटबॉलला सुमारे ७५ टक्के, पुरुषांच्या बास्केटबॉलला १५, बायकांच्या बास्केटबॉलला ५, आणि उरलेल्या सगळ्या खेळांतल्या सगळ्या मुलामुलींना मिळून ५. नव्या पैशाची वाटणी प्रत्येक विद्यापीठ ठरवतं, पण अनेकांनी साधारण हाच साचा उचलला आहे.

याचं समर्थन म्हणून सांगतात: फुटबॉल कमावतो, म्हणून फुटबॉलला. घरात नवरा कमावतो म्हणून त्याच्या ताटात जास्त, हेच ते. पण कमाई कशी होते तेही पाहू. मार्च २०२१ मध्ये याच सेडोना प्रिन्सने एक चित्रफीत टाकली. राष्ट्रीय स्पर्धेत मुलांना व्यायामाचं मोठं सुसज्ज दालन, आणि मुलींच्या वाट्याला डंबेल्सचा एक छोटा रॅक. बोभाटा झाल्यावर एन.सी.ए.ए.ला चौकशी नेमावी लागली. त्यात बाहेर आलं की स्पर्धेचं ‘मार्च मॅडनेस’ हे गाजलेलं नाव फक्त मुलांसाठी राखलेलं होतं. मुलींची स्पर्धा इतर बऱ्याच खेळांबरोबर एका गाठोड्यात बांधून टीव्हीला स्वस्तात विकली होती. तिचे एकटीचे हक्क २०२५ मध्ये वर्षाला किमान ८ कोटी १० लाख डॉलरचे होतील, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. तरी २०२४ च्या नव्या करारात ती पुन्हा गाठोड्यातच गेली, साडेसहा कोटींच्या हिशेबाने. मुलांच्या संघाने त्या स्पर्धेत सामना जिंकला की त्याच्या विद्यापीठगटाला पैसे मिळत; मुलींच्या विजयाला २०२५ पर्यंत शून्य. आणि २०२४ चा मुलींचा अंतिम सामना पाहिला १ कोटी ८९ लाख लोकांनी, मुलांचा १ कोटी ४८ लाखांनी. अर्धी शतकभर दुकान बंद ठेवायचं आणि मग म्हणायचं, हिचा गल्ला कमी!

कमाईचा हा मुद्दा नवा नाही. १९७४ साली जॉन टॉवर नावाच्या सिनेटरने दुरुस्ती सुचवली होती की पैसा मिळवून देणारे खेळ टायटल नाइनमधून वगळावेत. ती टिकली नाही. कायद्याने तेव्हाच ते दार लावलेलं आहे. म्हणून जानेवारी २०२५ मध्ये, जाता जाता, बायडन सरकारच्या शिक्षण खात्याने पत्रक काढलं की विद्यापीठाने वाटलेला पैसा मुलामुलींना प्रमाणात मिळाला पाहिजे. फेब्रुवारीत ट्रम्प सरकारने ते मागे घेतलं. महिनाही टिकलं नाही.

न्यायाधीश विल्कन यांनी म्हटलं, हा दावा मक्तेदारीचा आहे, समानतेचा नाही. ज्यांना ती तक्रार आहे त्यांनी वेगळं यावं. मंजुरीनंतर आठवड्याच्या आतच आठ खेळाडू मुली अपिलात गेल्या. त्या अपिलामुळे जुन्या थकबाकीचं वाटप थांबलं. नव्या पैशाचं वाटप मात्र जुलैपासून सुरू झालं.

मी इथे थांबते. कोर्टाच्या तपशिलांबद्दल काही विचारायचं असेल तर आता विचारा. आणि शारीरिक शिक्षणाच्या ज्या तिघी शिक्षिका आज आल्या आहेत, त्यांनी आपल्या शाळेत खेळाच्या साहित्याचा पैसा मुलींवर किती खर्च होतो ते जेवणानंतर आकड्यांत सांगावं.