कामाचा फळा कोणासाठी?



हल्ली पुष्कळ घरांत संध्याकाळी एक वाक्य ऐकू येते : ‘माझी अजून चार तिकिटे राहिली आहेत.’ वडीलधाऱ्यांना प्रथम वाटते, मुलगा रेल्वेची किंवा नाटकाची तिकिटे काढतो आहे. मागाहून उलगडा होतो की, हे तिकीट म्हणजे कचेरीतील कामाची एक चिठ्ठी. ती संगणकावर असते, तिच्यावर मुलाचे किंवा सुनेचे नाव असते, आणि ती ‘झाले’ ह्या रकान्यात सरकल्याखेरीज त्या माणसाची सुटका नसते. ह्या चिठ्ठ्या सांभाळणारी जी सॉफ्टवेअरे आहेत, म्हणजे जिरा, ट्रेलो, आसना, बेसकॅम्प आणि त्यांची भावंडे, त्यांची तुलना मला आज आपणापुढे करावयाची आहे. कोणात किती सोयी आहेत ह्याची जंत्री मी वाचणार नाही. ती विकणारे आनंदाने वाचून दाखवितात. मला पाहावयाचे आहे ते एवढेच की, त्या चिठ्ठीवर लिहितो कोण आणि ती वाचतो कोण. माझ्या मते ह्या साधनांतला खरा भेद तेथे आहे.

ह्यांची वंशावळ जुनी आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हेन्री गँट ह्या अमेरिकन इंजिनियराने आडव्या पट्ट्यांचा तक्ता रूढ केला. डावीकडे कामांची नावे, वर तारखा, आणि प्रत्येक कामाला जेवढे दिवस तेवढी लांब पट्टी. हा तक्ता मुकादमाच्या डोळ्यांसाठी होता, आणि त्यात गैर काही नव्हते. पुढे १९५८ साली अमेरिकन नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ‘पर्ट’ नावाची पद्धत काढली. कोणते काम कोणावर अडून आहे ह्याचे जाळे मांडावयाचे आणि त्यातील सर्वांत लांब वाट शोधून तिच्यावर नजर ठेवावयाची, अशी ती पद्धत. पोलारिस लवकर तयार झाले आणि पर्टचा जगभर डंका वाजला. परंतु १९७२ साली हार्वे सापोल्स्की ह्या अभ्यासकाने त्या कामाचा इतिहास लिहिला, तेव्हा निराळेच निघाले. प्रत्यक्ष काम उरकण्यास पर्टचा हातभार फारसा लागलाच नव्हता. वरून ढवळाढवळ करू पाहणाऱ्यांना दूर ठेवण्यास मात्र तो उत्तम लागला होता. तक्ते इतके देखणे होते की, पाहणाऱ्याला वाटे, येथे सारे चोख चालले आहे!

दुसरी शाखा जपानची. टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो ह्यांनी १९५० च्या दशकात कानबानची पद्धत बसविली. कानबान म्हणजे पाटी. पुढच्या कामगाराने सुटे भाग उचलले की त्यांच्याबरोबरची पाटी मागे येई, आणि मागच्याने तेवढेच भाग पुन्हा करावयाचे. पाटी आली नाही तर काम करावयाचे नाही. म्हणजे ही पाटी कामाची आठवण तर होतीच, पण त्याहून अधिक ती कामाची मर्यादा होती. २०११ साली निघालेल्या ट्रेलोने ह्याच कल्पनेचा फळा संगणकावर आणला : तीन रकाने, त्यांत कार्डे, बोटाने सरकवा. इतके सोपे की शाळकरी मुलालाही शिकवावे लागत नाही. पण सोपे करताना मूळ गोष्ट मागे राहिली. ट्रेलोच्या साध्या फळ्यावर ‘चालू’ ह्या रकान्यात कितीही कार्डे मावतात. लग्नघरात एकाच माणसाला कोठी, वाढप आणि वरात सांभाळावयास सांगितली तर काय होते, ते आपण जाणताच.

ह्या मर्यादेची किंमत किती, हे दाखविणारे एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. २००४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कारभारातील प्रोग्रामांची दुरुस्ती करणारी एक छोटी तुकडी हैदराबादेत काम करीत होती आणि तिचे मागणीदार अमेरिकेत होते. तुकडीची ख्याती वाईट होती. मागण्या तुंबल्या होत्या, आणि एकेक पुरी होण्यास महिने लागत. आता वरिष्ठांनी ‘मुले आळशी आहेत’ असे म्हणून आणखी कडक हजेरीपट लावला असता तर कोणाला नवल वाटले नसते. परंतु द्रागोश दुमित्रिउ हा नवा व्यवस्थापक आणि त्याला सल्ला देणारा डेव्हिड अँडरसन ह्यांनी आधी काम कोठे अडते ते पाहिले. नियम असा होता की, नवी मागणी आली की दोन दिवसांत तिला किती वेळ लागेल ह्याचा अंदाज द्यावयाचा. त्यासाठी हातातले काम खाली ठेवावे लागे. आणि अंदाज दिलेल्या मागण्यांपैकी बऱ्याच पुढे केल्याच जात नसत. म्हणजे जी माणसे काम करावयाची, ती काम किती दिवसांत होईल हे सांगण्यातच गुंतली होती. ह्या दोघांनी अंदाज देणे बंद केले, एका वेळी किती मागण्या हाती घ्यावयाच्या ह्याला कुंपण घातले, आणि पुढचे काम कोणते हे मागणीदारांनीच आपसांत ठरवावे असे केले. प्रोग्राम लिहिण्याची आणि तपासण्याची रीत होती तीच राहिली. तरी नऊ महिन्यांत ती तुकडी शेवटच्या नंबरावरून वर आली. नवे सॉफ्टवेअर विकत घेऊन हा पालट झाला नव्हता, हे ध्यानात घ्यावे.

आता चालू साधनांकडे वळू. जिरा हे २००२ साली ऑस्ट्रेलियातील ॲटलासियन कंपनीने प्रोग्रामांतील चुका नोंदविण्यासाठी काढले. ‘गोजिरा’ नावाचा जपानी चित्रपटातील एक अजस्र प्राणी आहे, त्याच्यावरून हे नाव. आपल्याकडे गोजिरे म्हणजे काय हे त्या लोकांना कोठून ठाऊक असणार! जिराचे बळ असे की, चिठ्ठी कोणत्या पायरीवरून कोणत्या पायरीवर जावी आणि ती कोणी न्यावी, हे हवे तसे बांधता येते. पाचशे माणसांच्या कामात ह्याची गरज असते. पण ते बांधणारा बहुधा चिठ्ठी सरकविणारा नसतो, आणि म्हणून दहा माणसांच्या कचेरीत कधीकधी सरकारी फायलीचा प्रवास सुरू होतो.

आसनाचे नाव तर आपल्या संस्कृतातूनच घेतलेले. त्यातला एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो : एका कामावर एकाच माणसाचे नाव. ट्रेलोच्या कार्डावर पाच जणांची नावे घालता येतात, आणि मग काम सर्वांचे होते, म्हणजे कोणाचेच राहत नाही. गणेशोत्सव मंडळाची एकही सभा ज्याने पाहिली आहे, त्याला अधिक सांगावयास नको.

बेसकॅम्पने २०१८ साली डोंगराचे एक चित्र आणले. काम म्हणजे एक टिंब. काय करावयाचे तेच अजून उमगत नसेल तर टिंब चढावर, उमगले आणि फक्त उरकावयाचे राहिले तर उतारावर. टिंब यंत्र सरकवीत नाही. काम करणाराच सरकवितो. ‘साठ टक्के झाले’ ह्या आकड्याहून हे मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण राहिलेले चाळीस टक्के चढाचे की उताराचे, हे आकडा सांगत नाही.

ह्याउलट कोणाच्या किती चिठ्ठ्या महिन्यात ‘झाले’मध्ये गेल्या, हे मोजून माणसांची प्रत लावण्याचा मोह प्रत्येक साधनात आहे. तो सुरू झाला की माणसे एका कामाच्या चार चिठ्ठ्या करतात, अवघड काम दुसऱ्याकडे ढकलतात आणि शेजाऱ्याला मदत करणे सोडतात, कारण मदतीची चिठ्ठी निघत नाही. रात्री नऊ वाजता जेवणाच्या ताटावरून उठणारी आपली मुले बहुधा ह्याच मोजणीच्या धाकात असतात.

ज्यांना वाचनालयाच्या किंवा गृहरचना संस्थेच्या कामासाठी असे काही निवडावयाचे आहे, त्यांना दोन गोष्टी सांगतो. पहिली, आपली नोंद परत हातात घेता येते की नाही ते आधी विचारा. वुंडरलिस्ट नावाची कामांच्या याद्यांची एक लोकप्रिय सोय २०१५ साली मायक्रोसॉफ्टने घेतली आणि २०२० च्या मे महिन्यात बंद केली. रेडमाइनसारखे मोफत साधन आपल्याच संगणकावर ठेवता येते. ते दिसावयास साधे आहे आणि बसवून देणारा माहितगार लागतो, पण चाव्या आपल्याकडे राहतात. दुसरी गोष्ट अशी की, साधन कोणतेही घ्या, पंधरा दिवस ते चिटणिसाला न दाखविता प्रत्यक्ष धावपळ करणाऱ्याच्या हाती द्या. त्याने चिठ्ठीवर ‘अडलो आहे’ असे लिहिले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला फोन कोणाचा येतो, मदत करणाऱ्याचा की जाब विचारणाऱ्याचा, ते पाहा.