बैल दारात आला की बोजारा द्यायचा
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)

समोर सतरंजीवर बसून आइस्क्रीम कधी मिळणार याचा हिशोब करत असलेल्या बालमित्रांनो,

सचिवांनी मला सांगितलं, "मावशी, लहानपणच्या आठवणींवर बोला. फक्त दहा मिनिटं." साठी उलटलेल्या बाईला लहानपणावर बोलायला सांगायचं आणि वर दहा मिनिटांची मर्यादा घालायची, हे आपल्या वार्षिक सभेसारखंच झालं. आधी गणपूर्ती नाही म्हणून अर्धा तास तहकूब, आणि एकदा सुरू झाली की संपता संपत नाही! पण मी प्रयत्न करते.

माझं लहानपण महालातलं. गांधीगेटला घरातली म्हातारी माणसं तेव्हाही जुम्मा दरवाजाच म्हणायची. त्या दरवाजाच्या आत, बडकस चौकापासून चालत पाच मिनिटांवर आमचा वाडा होता. नऊ बिऱ्हाडं, मधे चौक, चौकात एक विहीर आणि एक नळ. आमच्या वाट्याला दोन खोल्या होत्या. पण घर केवढं होतं असं कोणी विचारलं, तर मला नऊही बिऱ्हाडं धरूनच उत्तर द्यावंसं वाटतं. कारण मी जेवले एका घरी, अभ्यास केला दुसऱ्या घरी, आणि मार खाल्ला तिसऱ्या घरी. तिसऱ्या घरी मार खाल्ला हे आईला कळलं, की चौथा मार स्वतःच्या घरी.

नागपूरचा उन्हाळा तर सगळ्यांचा सामायिकच. २३ मे २०१३ ला आपल्या शहरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं, ते आपण सर्वांनी याच इमारतीत काढलं. माझ्या लहानपणी अख्ख्या वाड्यात कूलर एकाकडेच होता. बाकीच्यांच्या दाराला वाळ्याचे पडदे. त्यांवर पाणी मारायचं काम मुलांचं, आणि अर्धं पाणी एकमेकांवर. संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतायच्या, तापलेल्या फरशीची वाफ निघून जाईपर्यंत थांबायचं, आणि मग ओळीने गाद्या. मोठी माणसं "पोट्टे झोपले" असं समजून बोलत, आणि आम्ही डोळे मिटून सगळं ऐकत असू. कोणाची नोकरी धोक्यात आहे, कोणाच्या मुलीचं जमत नाहीये, कोणाला पैसे हवेत आणि मागायला संकोच होतो आहे. दुसऱ्या दिवशी वाड्यात कोणी न विचारता कोणाकडे तरी तांदूळ पोचलेले असत. हे कसं होतं, ते आम्हाला त्या गच्चीवरच कळलं.

संक्रांतीला तीच गच्ची पतंगांची. सरस आणि काचेचा भुगा घालून मांजा घरीच सुतायचा, बोटं कापून घ्यायची. "ओ काट!" अशी आरोळी उठली की अख्खा महाल दुमदुमायचा. आम्हा मुलींच्या वाट्याला मात्र चक्री धरणं. पतंग भावाच्या हातात, चक्री बहिणीच्या हातात. कटला तर दोष चक्रीचा! आता आपल्या सोसायटीतल्या मुली स्वतः पतंग उडवतात, ते बघून माझे हात शिवशिवतात. फक्त बाळांनो, तो नायलॉनचा मांजा आणू नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच त्यावर देशभर बंदी घातलेली आहे. त्याने पक्षी मरतात आणि दुचाकीवरच्या माणसांचे गळे कापले जातात. आमचा मांजा फार तर आमचीच बोटं कापायचा.

पण मला आज खरं बोलायचं आहे ते तान्ह्या पोळ्याबद्दल.

बाहेरगावाहून इथे राहायला आलेल्या कुटुंबांसाठी थोडं सांगते. श्रावण अमावास्येला मोठा पोळा, खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी, म्हणजे गणपती बसायच्या तीन दिवस आधी, मुलांचा तान्हा पोळा. लाकडाचा बैल, पायाला चाकं, गळ्यात घुंगरू. तो दोरीने ओढत मिरवायचा. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांच्या काळात ही पद्धत सुरू झाली असं सांगतात. म्हणजे दोनशे वर्षं तर सहज झाली. बैलाचं महत्त्व पोरांना कळावं, पण खऱ्या बैलाच्या पायाखाली पोर येऊ नये, म्हणून लाकडाचा बैल. मला हा विचार फार शहाणा वाटतो.

त्या दिवशी सकाळी आधी मारबत. जागनाथ बुधवारीतली पिवळी मारबत आणि इतवारीतली काळी मारबत यांच्या मिरवणुका निघायच्या, आजही निघतात. सोबत बडगे. त्या त्या वर्षी लोकांना ज्याचा राग असेल त्याचा पुतळा. महागाईचा बडगा तर मी लहानपणापासून बघते आहे, दरवर्षी जाळतात आणि दरवर्षी ती परत येते! "घेऊन जा गे मारबत" असं ओरडून घशाला कोरड पडली, की घरी येऊन आंघोळ आणि बैलाची तयारी.

आमच्या घरचा बैल आजोबांच्या वेळचा. एक शिंग तुटलेलं, एक चाक वाकडं. त्यामुळे तो नेहमी डावीकडे वळायचा. दरवर्षी त्याला नवा रंग, पाठीवर आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाची झूल. संध्याकाळी चौकात तोरण बांधायचं, त्याखाली बैल ओळीने उभे करायचे, पूजा व्हायची, आणि तोरण तुटलं की पोरं घरोघरी सुटायची. दारात बैल उभा केला, की घरातली बाई त्याला कुंकू लावणार, ओवाळणार, आणि मुलाच्या हातावर बोजारा ठेवणार. पाच पैसे, दहा पैसे, मूठभर फुटाणे, जे असेल ते.

त्यानंतर पंधरा दिवसांत, भाद्रपद पौर्णिमेला आमची, म्हणजे मुलींची भुलाबाई बसायची. पुण्या-मुंबईकडचा भोंडला नवरात्रात असतो, आपल्या विदर्भातली भुलाबाई कोजागिरीपर्यंत, चांगली महिनाभर. मातीचे भुलोजी आणि भुलाबाई. टिपऱ्या घेऊन रोज घरोघरी जायचं, गाणी म्हणायची, आणि शेवटी खिरापत ओळखायची. डबा हलवून आवाजावरून ओळखायचं, फुटाणे की शंकरपाळे की चिवडा. आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा शिकरण करून ठेवलं. डब्याचा आवाजच येईना! अर्धा तास आम्ही हरलो, आणि काकू पदरात तोंड लपवून हसत होत्या. चार लेकरांचं करून थकलेली ती बाई इतकी हसते, हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, की या सगळ्या गोष्टींना पैसा फारसा लागत नव्हता. दारं मात्र लागत होती. बैल स्वतःच्याच घरात फिरवून तान्हा पोळा होत नाही. खिरापत स्वतःच्याच आईने केली आणि स्वतःच ओळखली, तर भुलाबाई होत नाही. त्यासाठी दुसऱ्याचं दार लागतं, आणि त्या दारात उभी राहून वाट बघणारी कोणीतरी काकू, मामी, आजी लागते.

लहानपण म्हटलं की माणसं सगळं सोनेरी करून सांगतात. ते मी करणार नाही. नऊ बिऱ्हाडांत एक नळ म्हणजे पहाटे चारची रांग आणि रोजची भांडणं. मुलींनी दहावीच्या पुढे शिकायचं की नाही, यावर गच्चीवर मोठ्यांची चर्चा व्हायची, आणि ज्यांच्याबद्दल ती होत असे, त्या आम्ही तिथेच डोळे मिटून पडलेल्या असायचो. आणि एक गोष्ट अशी आहे, जी मला तेव्हा खटकली नाही, पण मोठी झाल्यावर फार खटकली. तान्ह्या पोळ्याला पलीकडच्या वस्तीतली मुलंही बैल घेऊन आमच्या वाड्यात यायची. बोजारा त्यांना मिळायचा. आजीचा नियमच होता, "बैल दारात आला की बोजारा द्यायचा. बैल कोणाचा, हे का नंदीला विचारायचं?" पण आम्ही पोरं आत जाऊन पाणी प्यायचो, आणि ती पोरं उंबऱ्याबाहेरच उभी असायची. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो माणसांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच शहरातल्या वाड्यांचे उंबरे अजून तेवढेच उंच होते. आजीचा नियम चांगला होता. पण तो दारापर्यंतच होता.

आता आपल्या सोसायटीकडे येते. पंचवीस वर्षांपूर्वी मानेवाड्याच्या पुढे कोणी फ्लॅट घेतला, की नातेवाईक विचारायचे, "इतक्या दूर? तिथं काय करून राहिले तुम्ही?" समोर तुरीचं शेत होतं, पाण्याला टँकर होता, आणि ऑटोवाले यायला तयार नसायचे. पण मुलं होती! पहिल्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला मागच्या मोकळ्या जागेत एकोणीस बैल उभे होते. मी मोजले होते. लाकडी, मातीचे, एक तर चक्क बाहुलीच्या गाडीवर बसवलेला. त्या एकोणीस मुलांपैकी आज काही पुण्यात, काही बंगळूरुला, दोघं अमेरिकेत. आज कार्यक्रमाला आलेली पाच मी मघाशी बघितली, आणि त्यांच्या कडेवर त्यांची पोरं आहेत. बरं वाटलं.

गेल्या वर्षी बैल किती होते? सहा. आणि त्यातला सहावा आपल्याकडे इस्त्री करणाऱ्या दादांच्या मुलीचा. तिने तो खोक्याच्या पुठ्ठ्याचा केला होता, चाकं बाटल्यांच्या झाकणांची, आणि शिंगांना चमकीचा कागद. सजावटीच्या स्पर्धेच्या वेळी कोणीतरी हळूच विचारलं, "ही मेंबर नाही ना, मग हिला धरायचं का?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. बक्षिसाची वर्गणी सभासदांकडून घेतलेली, म्हणून नियम विचारला. पण ती मुलगी तिथेच उभी होती, आणि तिने ते ऐकलं. तिने दोरी आवळून धरली आणि बैल दोन पावलं मागे घेतला.

आपल्या बी विंगमधल्या आजी खुर्चीतून उठल्या. काही बोलल्या नाहीत. त्यांनी तो पुठ्ठ्याचा बैल उचलून ओळीत मधोमध ठेवला, त्याला कुंकू लावलं, आणि मुलीला हाताला धरून आपल्या घरी नेलं. आत, स्वयंपाकघरात. पुरणपोळी वाढली. माझ्या आजीचा नियम जिथे थांबला होता, तिथून एक पाऊल पुढे त्या गेल्या. पंचवीस वर्षांत या सोसायटीत लिफ्ट आली, सौर पॅनेल आले, कॅमेरे आले, आणि त्या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण रौप्यमहोत्सवाची आठवण म्हणून कोणी मला एकच गोष्ट लिहायला सांगितली, तर मी ती लिहीन.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. अध्यक्षसाहेब, इतिवृत्तात नोंद घ्या!

पहिली मागणी मागच्या मोकळ्या जागेची. तिथे पार्किंगच्या पट्ट्या आखायचा विषय पुढच्या सभेत येणार आहे. गाड्या वाढल्या आहेत, ही अडचण खरी आहे, माझ्या मुलाचीही गाडी रस्त्यावरच उभी असते. तरीपण वीस बैल ओळीने उभे राहतील एवढी जागा सोडा. आज सहाच आहेत म्हणून सहा बैलांची जागा सोडली, तर पुढेही सहाच राहतील.

दुसरी मागणी आम्हा सर्वांकडे, माझ्याकडेसुद्धा. यंदाच्या तान्ह्या पोळ्याला संध्याकाळी तास-दोन तास दारं उघडी ठेवायची. बेल वाजवायला लागू नये. टीव्ही बंद, दारात रांगोळी, ताटात कुंकू आणि बोजारा. मुलं आपल्या सभासदांची, भाडेकरूंची, चौकीदारांची, कामाला येणाऱ्या ताईंची, ज्या कोणाची येतील त्यांची. आणि बोजारा दिल्यावर विचारायचं, "पाणी पिशील का बाळा? आत ये." ज्यांना भुलाबाईची गाणी येतात त्यांनी माझ्याकडे नाव द्या, आपण मुलींना आणि मुलांनाही शिकवू. शिकरण मी करीन!

मुलं मोठी होऊन कुठेही जातील, जावीतच. पण पन्नास वर्षांनी कुठल्यातरी शहरात, कुठल्यातरी सोसायटीच्या कार्यक्रमात त्यांना लहानपणावर बोलायला उभं केलं, तर त्यांना आठवायला आपली दारं असली पाहिजेत. ती आज आपल्याच हातात आहेत.

दहा मिनिटांची पंधरा झाली, सचिवांनी दोनदा घड्याळाकडे बघितलं, तिसऱ्यांदा बघायच्या आत थांबते. संस्थेला आणि सर्व कुटुंबांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा. मुलांनो, चला, आइस्क्रीम!