मेथी उगवली का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा दीर्घकाळचे नैराश्य असले, की त्या घरातले बोलणे हळूहळू आटत जाते. सकाळी ‘ऊठ आता’, दुपारी ‘गोळी घेतलीस का?’, संध्याकाळी ‘आज तरी आंघोळ कर’. दिवसभरात एवढीच तीन वाक्ये. बोलणाऱ्याच्या मनात काळजी असते, पण ऐकणाऱ्याला ती तक्रार वाटते. आज बागकामाविषयी बोलायचे आहे ते या तीन वाक्यांमुळे.

लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकापासून रुग्णालयातून घरी परतलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा मागोवा घेतला. ज्या घरात सतत टीका, राग किंवा अतिकाळजी होती, तिथे आजार उलटण्याचे प्रमाण जास्त दिसले. पुढे इतर देशांतही असेच आढळले. याचा अर्थ घरच्यांमुळे हा आजार होतो, असा मुळीच नाही. वर्षानुवर्षे सांभाळणारा माणूस थकतो, चिडतो. त्याला नुसते ‘चिडू नका’ सांगून काय उपयोग? दोघांनी मिळून करण्यासारखे काहीतरी काम हवे. कुंडीतले झाड ते काम देते.

या आजारात भास होतात, संशय येतो, हे आपण ऐकलेले असते. औषधांनी ते बरेच आटोक्यात येतात. पण उत्साह आणि पुढाकार जातो, त्यावर औषधांचा तितका परिणाम होत नाही. आपण त्याला आळस म्हणतो, तो खरे तर आजाराचाच भाग असतो. अशा वेळी रोजचे, ठरावीक, लहानसे काम उपयोगी पडते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतही रुग्णांच्या पुनर्वसनात बागकामाला जागा दिलेली आहे.

घरी सुरुवात मेथीने करावी. मूठभर दाणे रात्री भिजत घाला. जुन्या डब्याला तळाशी भोके पाडा, माती भरा, दाणे पसरा, वर मातीचा पातळ थर द्या. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात, तीन-चार आठवड्यांत भाजी खुडता येते. ज्याला उद्याचा भरवसा वाटत नाही, त्याला लवकर दिसणारे फळ हवे असते. आंब्याच्या कोयीने सुरुवात करू नये.

नातेवाइकांच्या एका बैठकीत एक आई सांगत होत्या. मुलगा तिशीतला, बहुतेक वेळ भिंतीकडे तोंड करून पडलेला. त्यांनी त्याला उठवायचे सोडले. त्याच्याजवळ डबा ठेवून ‘दाणे किती टाकू रे?’ एवढेच रोज विचारू लागल्या. काही दिवस उत्तर नाही. मग एकदा त्याने स्वतःच टाकले. पुढे एका सकाळी तो आपणहून म्हणाला, ‘आई, चिमण्या कोंब खातायत, जाळी लाव.’ आजार गेला नाही, गोळ्या चालूच आहेत. पण त्या घरात चौथे वाक्य आले, आणि ते त्याचे होते.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. ‘पाणी घातलेस का?’ असा तगादा सुरू झाला, की बागही आणखी एक कटकट होते. काय लावायचे ते त्याला ठरवू द्या. त्याने वाकडी लावलेली रोपे मागून सरळ करू नका. एखादा दिवस तो आला नाही, तर मुकाट्याने पाणी घाला. रोप मेले तर ‘पुन्हा लावू’ म्हणा.

आता काळजीच्या गोष्टी. बागकाम औषधाच्या जोडीला आहे, औषधाऐवजी नाही. गोळ्या मनाने बंद करू नका. काही गोळ्यांमुळे ऊन बाधते. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातले पाणी घामाने कमी झाले, तर औषधाचे रक्तातले प्रमाण वाढू शकते. म्हणून काम उन्हे उतरल्यावर करा, पाणी प्यायला द्या आणि डॉक्टरांना विचारून घ्या. हात थरथरत असतील तर जड झारीऐवजी तांब्या द्या. कीटकनाशक घरात ठेवूच नका. शेतकरी कुटुंबाने ते कुलपात ठेवावे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा ऐकू आली, तर त्या माणसाला एकटे सोडू नका, गच्चीवर तर नाहीच. डॉक्टरांना गाठा. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांकही घरात लिहून ठेवा.

सांभाळणाऱ्यांनाही आधार लागतो. ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. कोकणातल्या देवराईत जीव गुंतलेला, स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ आणि त्याला सांभाळताना दमणारी बहीण. अशा बहिणींनी, आयांनी, नवऱ्यांनी आपल्यासारख्यांत जाऊन बसावे. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन १९९७ मध्ये उभी राहिली, ती याच गरजेतून. अशा बैठकीला जाताना आपल्या कुंडीतले एखादे रोप न्या. बोलायला सुरुवात करणे सोपे जाते.

पहिली मेथी खुडाल तेव्हा तिची भाजी करा, आणि ती कुणी पिकवली ते पानावर सगळ्यांना सांगा. ज्याला वर्षानुवर्षे फक्त घ्यावे लागले, त्याने त्या दिवशी घराला काही दिलेले असते.