गाडीत मिटलेलं पुस्तक
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)

गुरुजनहो, वर्गमित्र-मैत्रिणींनो आणि आईबाबांनी ओढून आणलेल्या मुलामुलींनो,

शाळेच्या आठवणी सांगायला बाकीचे वक्ते आहेतच. मी आज यंदा कॉलेजात गेलेल्या मुलांशीच बोलणार आहे, तेही जेवणाची वेळ व्हायच्या आत.

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. पुस्तकांची ददात आपल्या भागाला कधी नव्हती. अडतं ते पुस्तक समोर उघडल्यावर.

मी ठाण्याला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. आपल्यासारख्या मराठी शाळांतून आलेली मुलं पहिल्या वर्षी मागच्या बाकांवर गप्प बसत. दहावीला उत्तम गुण मिळवलेली ही मुलं दिवाळीपर्यंत म्हणू लागत, "मॅडम, मला नाही जमणार, सोडतो कॉलेज." काही जण खरोखरच सोडून जात. हुशारी कुठे पळालेली नसे. त्यांचं पुस्तक मागून घेतलं की कारण दिसे: प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात मराठी अर्थ. अर्ध्या तासात दीड पान. आणि प्रकरण कशाबद्दल आहे विचारलं, तर उत्तर नाही. मग गाईड, झेरॉक्स आणि पाठांतर.

पहिल्या ओळीपासून सुरुवात करूच नका. आधी मथळे, आकृत्या, शेवटचा सारांश आणि प्रश्न पाहून घ्या. दहा मिनिटं पुरतात. फ्रान्सिस रॉबिन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली सांगितलं होतं, की प्रत्येक मथळ्याचा प्रश्न करा आणि उत्तर शोधत वाचा. त्याच्या जोडीला आपल्याकडे मराठी विश्वकोश आहे. १९७६ साली त्याचा पहिला खंड आला, आता तो मोबाइलवरही उघडतो. 'चलनवाढ' आधी मराठीत समजून घ्या, मग इन्फ्लेशनचं प्रकरण काढा. शब्द तेवढे अडत नाहीत. "मराठीत वाचलं तर इंग्रजी कधी येणार?" असं पालक विचारतात. कळलेलं इंग्रजीत लिहायला शिकता येतं. न कळलेलं फक्त घोकता येतं. अर्थात मराठी नोंदीवर थांबू नका, पेपर इंग्रजीत आहे.

मार्करने पिवळं केलेलं पान पुन्हा पुन्हा वाचलं की सगळं येतंय असं वाटतं. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली हे तपासलं. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

"पण मॅडम, गाडीत पुस्तक उघडायला तरी जागा आहे का?" नाहीच. काढलं तर शेजारणीच्या नाकाला लागेल. पण आठवायला पुस्तक उघडावं लागत नाही! घरून निघण्याआधी चारच पानं वाचा. डोंबिवलीला धिम्या गाडीत शिरलात की कोपर, दिवा येईतो पहिला मुद्दा मनात मांडा, मुंब्र्यापर्यंत दुसरा. कळव्याला अडलं तर अडू द्या. ठाण्याला उतरून, गर्दीतून बाजूला होऊन, अडलेलं तेवढंच पाहा. दारात उभं राहून मात्र हे उद्योग नकोत.

माझी कल्याणची एक विद्यार्थिनी मैत्रिणीबरोबर हे मोठ्याने करायची. एकदा लेडीज डब्यात भाजी निवडणाऱ्या काकूंनी विचारलं, "काय गं हे चलनवाढ?" तिने सांगितलं. काकू म्हणाल्या, "म्हणजे तेवढ्याच पैशात आधी मेथीच्या दोन जुड्या यायच्या, आता एकच येते, तेच ना?" मुलगी मला सांगत आली, की आपल्याला खरंच समजलंय हे तिला काकूंमुळे कळलं. दिवाळीनंतर ती पुढच्या बाकावर बसू लागली.

जेवणानंतर मी शाळेच्या वाचनालयात बसणार आहे. ज्यांचं एखादं प्रकरण अडलं असेल त्यांनी या. पुस्तक मोबाइलवर असलं तरी चालेल, गाईड मात्र आणू नका.