तिच्या शेजारी कोण बसणार?

(झाडीपट्टीतील एका महिला साहित्य मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)

धानाची कामं उरकून गावागावांतून इथवर आलेल्या माझ्या मायबहिणींनो,

आज मला भांडायचं आहे. भांडण घरातलंच आहे. माझ्या भाषेशी, माझ्या रंगभूमीशी आणि या मंडपात बसलेल्या आपल्या सगळ्यांशी.

ज्या वडसा-देसाईगंजातून दर हिवाळ्यात आपल्या नाटकांच्या गाड्या गावोगाव निघतात, त्याच गावातल्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री एक आदिवासी मुलगी गेली होती. आईबाप नाहीत, मजुरीवर पोट, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. भावानेच केलेल्या एका तक्रारीसाठी तिला आणि घरच्यांना ठाण्यात बोलावलं होतं. रात्री साडेदहाच्या सुमारास बाकीच्यांना जायला सांगितलं आणि तिला थांबवून घेतलं. दिवे मालवले, दार आतून लावलं.

ती बाहेर आली, आणि तिने त्याच क्षणी, त्याच दारात, बाहेर उभ्या असलेल्या आपल्या माणसांना सांगितलं की माझ्यावर बलात्कार झाला आहे. रात्र पाहिली नाही, समोर वर्दी आहे हे पाहिलं नाही. ठाण्याबाहेर लोक जमले होते. ते हटले नाहीत. तक्रार लिहून घ्यावी लागली.

या खटल्याला सगळा देश तिच्या नावाने ओळखतो. कायद्याच्या पुस्तकात तो एका आरोपी हवालदाराच्या नावाने नोंदलेला आहे, पण ते नाव या मंडपात किती जणांना ठाऊक आहे? आरोपींची नावं पुसली गेली, तिचं नाव मात्र गेली कित्येक दशकं आपण भाषणांत, पुस्तकांत, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत वापरत आलो. म्हणून मी आज ते नाव घेणार नाही. आपल्या मातीतल्या मुलीला एवढं देणं मी लागते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने तिलाच खोटारडी ठरवलं आणि आरोपी सुटले. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडलं. अंगावर जखमेच्या खुणा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला नाही, असा तो न्याय होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० मध्ये मुंबई, दिल्ली, नागपूरच्या रस्त्यांवर बायका उतरल्या. नागपुरात सीमा साखरे यांनी स्त्री अत्याचारविरोधी परिषदेतून हे काम पुढे वर्षानुवर्षं चालवलं. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध झाला हे सिद्ध झालं आणि 'माझी संमती नव्हती' असं बाईने सांगितलं, तर न्यायालयाने तिचा शब्द धरून चालायचं असं ठरलं. पीडित बाईचं नाव छापणं गुन्हा झाला.

हे सगळं एका मजूर पोरीने दारात उभं राहून उच्चारलेल्या शब्दांमुळे घडलं. तेव्हा 'बाया बोलत नाहीत हो' असं पुन्हा माझ्यासमोर कुणी म्हणू नये. बाया बोलतात. विहिरीवर बोलतात, रोवणीच्या बांधीत बोलतात, मावशीच्या कानात बोलतात. ऐकणारी माणसं पळ काढतात.

आणि पळून जायला वाट कुणी करून दिली? भाषेने. इथे माझं पहिलं भांडण सुरू होतं. चोरी झाली तर आपण म्हणतो, चोराने चोरी केली. बलात्कार झाला तर म्हणतो, तिची अब्रू गेली. गुन्हा त्याने केला आणि गेलं तिचं? बाईची अब्रू म्हणजे काचेचं भांडं, ही म्हण आपण लेकींना दुधाबरोबर पाजली. वर्तमानपत्रं 'अतिप्रसंग' लिहितात, 'गैरप्रकार' लिहितात आणि आरोपीला 'नराधम' म्हणून मोकळी होतात. या 'नराधम' शब्दावर माझा राग आहे. तो ऐकला की डोळ्यांपुढे कुणी जंगलातला राक्षस येतो. पोलिसांत नोंदलेल्या बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी तिच्या ओळखीचा असतो, असं सरकारचीच आकडेवारी दरवर्षी सांगते. तो शेजारी असतो, काका असतो, मालक असतो, लग्नाचं वचन देणारा असतो. राक्षस शोधत बसलो, तर ओसरीवर बसलेला माणूस दिसणारच नाही.

दुसरं भांडण माझ्या लाडक्या झाडीपट्टी रंगभूमीशी. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत रात्रभर जागून हजारो माणसं आपली नाटकं पाहतात. एवढा प्रेक्षक दुसऱ्या कुणाला मिळतो? त्या प्रेक्षकापुढे आपण काय मांडतो? अत्याचार झालेली नायिका विष घेते, विहीर जवळ करते, नाहीतर शेवटच्या अंकात त्याच माणसाच्या गळ्यात माळ घालते. लेखकहो, तिला जगवा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला चहा प्यायला लावा, ठाण्यात जायला लावा, पुढच्या हंगामात रोवणीला जाऊ द्या. मंडपात, प्रेक्षकांत, असाच अत्याचार सोसलेली कुणी एकटी बसलेली असते. तुमची नायिका मरते तेव्हा तिला एक सल्ला मिळतो, आणि तो तुम्ही दिलेला असतो.

तिसरं भांडण आपल्याशी. काही वर्षांपूर्वी एका सकाळी मला निरोप आला आणि मी एका घरी गेले. मुलगी कोपऱ्यात बसली होती. अंगणातल्या तारेवर तिचा धुतलेला परकर वाळत होता, पाणी अजून ठिबकत होतं. आई म्हणाली, ताई, सगळी घाण धुऊन काढली. त्या माउलीला मी काय बोलू? तिने लेकीवरची माया त्या कपड्यावर घासून काढली होती, आणि तोच कपडा पुरावा होता. कपडे धुवायचे नसतात, ओले असतील तर सावलीत वाळवून कागदाच्या पिशवीत ठेवायचे असतात, हे तिला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. इतकी वर्षं मी कवितांची शिबिरं घेत होते.

ठाण्यात आम्ही सहा तास बाकावर बसलो. 'ओरडली का नाहीस?' हा प्रश्न तिला तिथेही विचारला गेला. १९७८ च्या निकालातला संशय, जसाच्या तसा. मुलीने माझं मनगट धरून ठेवलं होतं. एकदाच बोलली, 'ताई, तुम्ही जाणार तर नाही ना?' त्या दिवशी मी कायद्याची पंडित नव्हते, वकील नव्हते. मी फक्त उठले नाही.

मायबहिणींनो, हे न उठणं कायद्यातही लिहिलेलं आहे. बलात्काराच्या गुन्ह्यात तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने घ्यायचा आहे. त्या वेळी आईवडील, जवळचे नातेवाईक किंवा त्याच भागातली समाजकार्यकर्ती हजर असावी, असं कायदा म्हणतो. म्हणजे कायद्याने तिच्या शेजारची जागा आपल्यासाठी राखून ठेवली आहे. ती जागा आजही बहुतेक गावांत रिकामी आहे.

त्या जागेवर बसणारीला थोडं ठाऊक असावं लागतं. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याला तक्रार नोंदवावी लागते. नाकारणारा अधिकारी स्वतः शिक्षेला पात्र ठरतो. पोलिसांचा कागद आणा, मग तपासू, असं कोणतंही रुग्णालय म्हणू शकत नाही, सरकारी असो की खासगी, आणि उपचार मोफत असतात. गर्भधारणा टाळण्याची गोळी जितक्या लवकर तितकी बरी, आणि एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून पंचायत बसवण्यात दोन दिवस घालवायचे नाहीत. डॉक्टरांनी दोन बोटांची तपासणी करायची नाही. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तपासणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल असं बजावलं. मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मिळतं, जिल्ह्याच्या ठिकाणी सखी केंद्र असतं, १८१ वर फोन करता येतो.

आणि 'गावातलं गावात मिटवू' म्हणणाऱ्या पंचांना आज जाहीरपणे सांगते: बलात्काराचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. मुलगी अठरा वर्षांखालची असेल, तर माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे. 'पोरीच्या लग्नाचं काय' हा प्रश्न गुन्हा करणाऱ्या पोराच्या बापाला विचारा.

एक सावधगिरी मात्र आपणही बाळगायची. सज्ञान बाईने तक्रार करायची की नाही, हे तिने ठरवायचं. तिला ओढत नेणं म्हणजे तिची मर्जी दुसऱ्यांदा मोडणं. ती नाही म्हणाली, तरी तिच्याकडे जाणं थांबवायचं नाही. भाकरी घेऊन जा, दवाखान्यात सोबत जा, गप्प बसा, पण जा.

या मेळाव्यापुढे मी एकच ठराव ठेवते. प्रत्येक गावातून पाच बायांची नावं आणि फोन नंबर आज इथून उठण्यापूर्वी लिहून द्या: रात्री-अपरात्री हाक आली तर उठून जाणाऱ्या पाच बाया. आणि येत्या हंगामात प्रत्येक नाटकाच्या आधी मायकवरून देणगीदारांची नावं वाचली जातील, तेव्हा त्या पाच बायांची नावंही वाचली जावीत, साऱ्या गावाला ऐकू जातील अशी. मंडपात कुठेतरी बसलेल्या त्या एकीला कळू द्या की कुणाचं दार ठोठावायचं.

वही दाराशी ठेवली आहे. माझं नाव मी पहिल्या ओळीत लिहून आले आहे.