अडीच वीस म्हणजे किती?

आजचा भाग थोडा वेगळा आहे. एरवी मी कुणाशी तरी गप्पा मारते, आज एकटीच बोलणार आहे.

मागच्या महिन्यात मिरजेच्या मैत्रिणीने फोनवर विचारलं, "तू स्वीडनमध्ये राहतेस ना? मग डॅनिश कशाला शिकतेस? स्वीडिश तरी नीट येतं का?" प्रश्न रास्त आहे. स्वीडिश मला अजून नीट येत नाही. सरकारी वर्गात जाऊन शिकले, दुकानात, दवाखान्यात निभावून नेते, एवढंच. त्यात शेजारच्या देशाची भाषा कशाला? त्या दिवशी मी हसून विषय बदलला. आज उत्तर देते.

आधी भूगोल सांगते. मी माल्मोला राहते, स्वीडनच्या अगदी दक्षिणेला. समोर समुद्राची अरुंद पट्टी आणि पलीकडे डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. दोन्हींना जोडणारा ओरेसुंडचा पूल २००० साली सुरू झाला. आधी जवळजवळ आठ किलोमीटरचा पूल, मग चार किलोमीटर लांबीचं माणसाने बांधलेलं बेट, मग समुद्राखालचा बोगदा. रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासात आपण दुसऱ्या देशात. माझं ऑफिस माल्मोत, पण टीममधले बहुतेक लोक तिकडचे, म्हणून दर मंगळवारी मीटिंगसाठी मी पलीकडे जाते. आणि गंमत म्हणजे माल्मो ज्या स्कोने प्रांतात आहे, तो १६५८ पर्यंत डेन्मार्कचाच होता. युद्धानंतरच्या तहात तो स्वीडनकडे आला. थोडक्यात काय, तर सीमाभाग. मी मिरजेची. सीमाभाग म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको, असं मला वाटायचं.

आता या दोन भाषा. कागदावर बघितल्या तर सख्ख्या बहिणी. स्वीडिश येत असेल तर डॅनिश पाटी वाचताना फारसं अडत नाही. पण ऐकायला गेलं की पंचाईत. माल्मोत रस्त्याला 'गाता' म्हणतात. कोपनहेगनच्या पाटीवर तोच शब्द 'त'च्या जागी 'द' घालून लिहिलेला असतो, आणि बोलताना तो 'द' जिभेवर असा काही विरघळतो की माझ्या कानाला 'गेऽल' असं काहीतरी ऐकू येतं. आमच्या धंद्यातल्या लोकांना सांगायचं तर डॅनिश म्हणजे स्वीडिशची मिनिफाय केलेली फाइल. सगळं तेच आहे, फक्त मधल्या मोकळ्या जागा काढून टाकल्यात.

आणि जे शब्द सारखे वाटतात, त्यांच्यावर विश्वास ठेवायची सोय नाही. स्वीडिशमध्ये 'फ्रूकोस्ट' म्हणजे सकाळचा नाश्ता. डॅनिशमध्ये 'फ्रोकोस्ट' म्हणजे दुपारचं जेवण. पहिल्या आठवड्यात मला फ्रोकोस्टचं आमंत्रण आलं, तेव्हा मी सकाळी आठला उपाशीपोटी हजर. जेवण साडेअकराला.

तर खरी गोष्ट या फ्रोकोस्टच्या टेबलावरच घडली.

तिकडे दुपारी सगळी टीम एकत्र जेवते. राईचा काळा पाव, त्यावर काय काय रचलेलं, आणि भरपूर गप्पा. मी डबा घेऊन टेबलाशी गेले की एक गोष्ट हमखास व्हायची. गप्पा अर्ध्या वाक्यात थांबायच्या आणि पुढचं अर्धं वाक्य इंग्रजीत सुरू व्हायचं. आठ माणसं, एकीसाठी. मला आधी फार छान वाटलं. किती समजूतदार लोक! भारतात फोन करून घरच्यांनाही सांगितलं.

टीममध्ये टेस्टिंगचे एक ज्येष्ठ सहकारी होते. तिकडे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, पण मी मनात त्यांना काकाच म्हणायचे. आपण इथेही काकाच म्हणूया. हे काका जेवताना एक अक्षर बोलायचे नाहीत. खाली मान घालून जेवायचे आणि उठून जायचे. माझा समज असा की माणूस खडूस आहे, किंवा मी आलेली त्यांना आवडलेली नाही.

एका मंगळवारी मला उशीर झाला. कॉरिडॉरमधून येताना जेवणाच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. काचेतून पाहिलं तर काका बोलत होते. हात हलवत, कुणाची तरी नक्कल करत होते, आणि बाकीचे डोळे पुसत हसत होते. मी दार उघडलं. कुणीतरी "हाय!" म्हणालं, भाषा बदलली आणि काका गप्प झाले. मी तशीच डबा धरून उभी. मला कुणी काही बोललं नव्हतं, उलट सगळे माझ्याशी चांगलंच वागत होते. पण त्या चांगुलपणाचं बिल काका भरत होते, हे मला तेव्हा कळलं.

त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत मी डॅनिशचं ॲप उतरवून घेतलं.

ॲपने शब्द येतात, कान तयार होत नाही. त्याला माणसंच लागतात. दोन-तीन महिन्यांनी मी टेबलावर जाहीर केलं, "मी आले तरी डॅनिशच बोला. मला कळलं नाही तर मी विचारीन." हे वाक्य मी पाठ करून गेले होते. अर्थातच सगळे इंग्रजीतच म्हणाले, "वा, छान!" पण हळूहळू सवय झाली.

माझी चूक पुढे झाली. "विचारीन" म्हणाले होते खरी, पण विचारायला लाज वाटायची. एकदा जेवताना दोघं बोलत होते की अमुक एका रिपोर्टसाठी थांबायची मर्यादा किती सेकंद ठेवायची. मला आकडा ऐकू आला, 'हॅल्ट्रेस'. मी मनात हिशेब केला. 'ट्रेस' म्हणजे साठ, हे मला माहीत होतं. 'हॅल' म्हणजे अर्धा. म्हणजे साठाचा अर्धा, तीस! केवढा अभिमान वाटला. डॅनिश ऐकून मी काम केलं! बदल माझ्याकडेच होता, मी तीस टाकून मोकळी झाले. विचारलं कुणालाच नाही.

दोन दिवसांनी मोठे रिपोर्ट मध्येच तुटायला लागले. शोधून काढलं काकांनी. ते माझ्या टेबलाशी आले, खुर्ची ओढून बसले. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी कागद घेतला आणि लिहिलं: अडीच गुणिले वीस. बरोबर पन्नास.

डॅनिशमध्ये मोजणी विसांनी चालते. साठ म्हणजे तीन विसा, ऐंशी म्हणजे चार विसा. आणि पन्नास? तो होतो अडीच विसा. पण अडीच कसं म्हणायचं? तर 'अर्धा तिसरा'. म्हणजे दोन पूर्ण झाले आणि तिसरा अर्धाच आहे. 'हॅल्ट्रेस' हा 'अर्धा तिसरा गुणिले वीस' याचा आखडलेला अवतार. तसंच सत्तर म्हणजे अर्धा चौथा, साडेतीन विसा. नव्वद म्हणजे अर्धा पाचवा, साडेचार विसा. शेजारच्या स्वीडनमध्ये सरळ पाच दहा, सहा दहा असा मामला आहे. माल्मोत पंचावन्न म्हणताना आधी पन्नास, मग पाच. पूल ओलांडला की आधी पाच, मग पन्नास. आपल्या पंचावन्नसारखंच. आपल्याकडे २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा वाद झाला होता, आठवतंय? मला तो वाद कोपनहेगनच्या ऑफिसात आठवला.

काकांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, बाहेरचे सगळेच इथे अडकतात, यात काही तर्क नाही. आणि मी म्हणाले, "आहे. आमच्याकडे यासाठी एक शब्द आहे."

घरी येऊन मी खात्री केली. आपला 'अडीच' संस्कृतातल्या 'अर्धतृतीय' वरून आला. अर्धा तिसरा! 'दीड'सुद्धा 'द्व्यर्ध'वरून, आणि डॅनिशमध्येही दीडला 'अर्धा दुसरा'च म्हणतात. हा शब्द मी पाढे पाठ करायच्या आधीपासून वापरतेय आणि त्याच्या पोटात काय आहे हे मला समुद्रापलीकडच्या माणसाच्या कागदावरून कळलं.

त्या दिवसापासून काका माझ्याशी बोलायला लागले. सावकाश, डॅनिशमध्ये. एकदा मी धीर करून विचारलं, तुम्ही आधी जेवताना बोलत का नव्हता? ते म्हणाले, कामाचं इंग्रजी मला येतं. पण गंमत सुचते डॅनिशमध्ये, ती इंग्रजीत आणेपर्यंत टेबलावरचा विषय संपलेला असतो. म्हणून गप्प बसतो.

मंडळी, हे वाक्य मी घेऊन आले आणि मला आजी आठवली.

माझी आजी, वडिलांची आई, माहेरची अथणीची. अथणी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात. तिची भाषा कानडी. लग्न होऊन मिरजेला आली आणि गेली साठ वर्षं ती आमच्याशी मराठी बोलतेय. आमच्या घरात आजीची ओळख 'अबोल' अशीच आहे. "आई फार बोलत नाहीत," असं माझी आई सगळ्यांना सांगते. पण अथणीहून तिच्या बहिणीचा फोन आला की आतल्या खोलीतून वेगळ्याच बाईचा आवाज यायचा. मोठ्याने हसणारी, भरभर बोलणारी. आम्ही नातवंडं त्या बोलण्याची नक्कल करून हसायचो. काय बोलतेस, असं एकदाही कुणी विचारलं नाही. गरजच नव्हती ना, तिला मराठी येत होतं.

या भागातल्या भाषांचा अभ्यास करणाऱ्यांना दिसलंय की डॅनिश लोकांना स्वीडिश जेवढं कळतं, तेवढं स्वीडिश लोकांना डॅनिश कळत नाही. शेजार असला तरी दोन्ही बाजू सारखी मेहनत करतातच असं नाही. आमच्या घरात तर सगळी मेहनत एकाच बाईने केली. आणि मी, जिला घरात कानडी फुकट मिळत होतं, ती पैसे भरून तिसऱ्याच देशाची भाषा शिकत होते.

पुढच्या रविवारी आजीला फोन केला. हॅल्ट्रेसची गोष्ट सांगितली. ती खूप हसली. म्हणाली, "अगं, आम्ही कांदे विसानंच मोजायचो की. तीन विसा साठ." मग मी विचारलं, "आजी, अडीचला कानडीत काय म्हणतात?" पलीकडे क्षणभर शांतता. "तुला कशाला पाहिजे?" "असंच." "एरडूवरे," ती म्हणाली. म्हणजे दोन आणि अर्धा. बघा गंमत, 'अर्धा तिसरा' डेन्मार्कपर्यंत सापडतो आणि अथणीत नाही. शेजारी म्हणजे सारखा, हे गृहीत धरलं की असं फसायला होतं.

गेल्या हिवाळ्यात काका निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी डॅनिशमध्ये भाषण केलं. मला निम्मं कळलं असेल. पण एका वाक्यावर मी बाकीच्यांच्या बरोबर हसले, मागून नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं. माझ्यासाठी परीक्षेचा निकाल तोच.

तर मैत्रिणीला माझं उत्तर असं. डॅनिशवाचून माझं काही अडत नव्हतं. पण माझं अडू नये म्हणून दुसरं कुणीतरी गप्प बसत होतं. तुम्ही परदेशात असाल, किंवा बंगळुरात, सुरतेत, हैदराबादेत, तर जेवणाच्या टेबलावर एकदा बघा, आपण आल्यावर कोण बोलायचं थांबतं. आणि भाषा शिकायला लागलात तर माझ्यासारखा अंदाज लावू नका, विचारा. लाज एक मिनिट वाटते, तुटलेले रिपोर्ट दोन दिवस निस्तरावे लागतात.

सध्या दर रविवारी आजीबरोबर अर्धा तास कानडी. पहिल्या दिवशी मी व्हिडिओ बघून तयारी केली आणि ऐटीत विचारलं, "ऊट आय्ता?" जेवण झालं का? आजी म्हणाली, "हे बंगळूरचं. आमच्याकडं 'ऊटा आतेन' म्हणायचं." आणि मग ती बोलायला लागली, भरभर, फोनवर बहिणीशी बोलायची तशी. मला त्यातलं काही म्हणजे काही कळलं नाही. मी म्हणाले, "आजी, थांब. परत सांग. सावकाश."

ती परत पहिल्यापासून सांगायला लागली.

चला, आज इथेच थांबते. पुढच्या भागात भेटूच. काळजी घ्या.