डब्यात राहिलेले चित्रपट

१९६९ ते १९८८ या वीसेक वर्षांत भारतात असे काही चित्रपट तयार झाले, की त्यांची नावे अभ्यासकांच्या तोंडी सतत असतात आणि प्रेक्षकांनी मात्र ते जवळजवळ पाहिलेलेच नसतात. ‘उसकी रोटी’, ‘दुविधा’, ‘२७ डाउन’, ‘घाशीराम कोतवाल’ आणि ‘ओम दर-ब-दर’ हे त्यांतले पाच. नेहमीच्या वाटेवरचा सिनेमा पाहून ज्यांचे समाधान होत नाही, त्यांनी सुरुवात इथून करावी.

हे चित्रपट मागे का राहिले, याचे कारण साधे आहे. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन हे सरकारी महामंडळ १९६० मध्ये स्थापन झाले आणि दशकाच्या अखेरीस त्याने नवख्या दिग्दर्शकांच्या कमी खर्चाच्या चित्रपटांना कर्ज द्यायला सुरुवात केली. मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ १९६९ मध्ये त्यातूनच आला. त्याला प्रेक्षकही मिळाले. पण कर्ज देणाऱ्या महामंडळाकडे चित्रपट दाखवायला थिएटर नव्हते, आणि गाणी नाहीत, नट ओळखीचे नाहीत म्हणून वितरक अशा चित्रपटांना हात लावत नसत. चित्रपट पुरा व्हायचा, कधी पुरस्कारही मिळवायचा, आणि रिळे डब्यात जायची. ‘प्रेक्षकांनी नाकारलेला सिनेमा’ असे त्याचे वर्णन केले जाते ते म्हणूनच अन्यायाचे आहे. प्रेक्षकांपुढे तो नीट ठेवलाच गेला नव्हता.

या सिनेमाचे एक मूळ पुण्यात आहे. प्रभात स्टुडिओच्या जागेत उभ्या राहिलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये साठच्या दशकाच्या मध्याला ऋत्विक घटक शिकवायला होते. मणी कौल, कुमार शहानी आणि जॉन अब्राहम हे त्यांचे विद्यार्थी. तिघांचे चित्रपट एकमेकांसारखे नाहीत, पण चित्रपटातला आवाज हा चित्राचा नोकर नाही, ही घटकांची शिकवण तिघांतही दिसते. दार उघडले की दाराचा आवाज, पाऊस पडला की पावसाचा आवाज, एवढ्यावर न थांबता ध्वनीला स्वतःची वाट देता येते. अनोळखी वाटणाऱ्या या चित्रपटांत शिरण्याचा सर्वांत सोपा रस्ता हाच आहे. कथेचा धागा हातातून सुटला, तरी कान उघडे ठेवावेत. बऱ्याचदा चित्रपट तिथूनच पुन्हा सापडतो.

पहिला पाहावा तो ‘२७ डाउन’. अवतारकृष्ण कौल यांचा हा १९७४ चा चित्रपट रमेश बक्षी यांच्या ‘अठारह सूरज के पौधे’ या हिंदी कादंबरीवर आधारलेला आहे. नायक संजय याला चित्रकला शिकायची असते. इंजिन ड्रायव्हर असलेले वडील त्याला रेल्वेत तिकीट तपासनीस करतात. मुंबईच्या गर्दीत त्याची गाठ शालिनीशी पडते, पण वडील त्याचे लग्न दुसरीकडे, हुंड्यात म्हशी घेऊन लावून देतात. मग मुंबई-वाराणसी गाडीतला त्याचा एकट्याचा प्रवास उरतो. एम. के. रैना आणि राखी यांच्या भूमिका संयत आहेत, पण खरी कमाल ए. के. बीर यांच्या कृष्णधवल छायाचित्रणाची. त्या वेळी ते विशीच्या सुरुवातीला होते. कॅमेरा हातात धरून ते खऱ्या डब्यांत, खऱ्या फलाटांवर, खऱ्या प्रवाशांत शिरले. व्हीटी स्टेशनात लोकल थांबते आणि रिकामा फलाट क्षणात माणसांनी भरून जातो, ते दृश्य मुंबईवरच्या कोणत्याही चित्रपटात याहून चांगले आलेले नाही. रुळांचा खडखडाट संजयच्या मनातल्या बोलण्यात इतका मिसळतो, की गाडी कुठे थांबली आणि विचार कुठे थांबला हे कळत नाही. या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आणि त्याच सुमारास कौल यांचा मुंबईत बुडून मृत्यू झाला. पूर्ण लांबीचा हा त्यांचा एकुलता एक चित्रपट.

‘दुविधा’ हा मणी कौल यांचा १९७३ चा चित्रपट मराठी प्रेक्षकाला अर्धा ओळखीचा असतो, कारण विजयदान देथा यांच्या त्याच राजस्थानी कथेवर अमोल पालेकर यांनी २००५ मध्ये ‘पहेली’ काढला. नवपरिणीत वधूला सोडून सावकाराचा मुलगा व्यापाराला निघून जातो. तिच्यावर जीव जडलेले भूत नवऱ्याचे रूप घेऊन घरी येते आणि तिला खरे काय ते सांगून टाकते. निवड तिच्यावर सोपवली जाते. ‘पहेली’त गाणी, रंग आणि सुखान्त आहे. ‘दुविधा’त भूत पखालीत कोंडले जाते आणि ती स्त्री उरलेले आयुष्य खऱ्या नवऱ्याबरोबर काढायला मागे राहते. पात्रे फार थोडे बोलतात, गोष्ट निवेदकाचा आवाज सांगतो, चित्र मधेच गोठते, आणि पांढऱ्या भिंतीपुढचे लाल वस्त्र एखाद्या लघुचित्रासारखे समोर राहते. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले, की एकच कथा सांगण्यात दिग्दर्शकाने काय ठेवायचे आणि काय गाळायचे ठरवले, ते लख्ख दिसते. हा चित्रपट उभा राहण्यामागे चित्रकार अकबर पदमसी यांची मदत होती. सत्यजित राय यांनी १९७४ मधल्या लेखात ‘दुविधा’ची आणि शहानींच्या ‘माया दर्पण’ची कडक हजेरी घेतली. तो लेख वाचावाच, पण चित्रपट पाहून झाल्यावर.

त्यानंतर ‘उसकी रोटी’. मणी कौल यांचा हा पहिला चित्रपट आणि पाचांतला सर्वांत अवघड. मोहन राकेश यांच्या कथेतली बालो रोज शेतांतून चालत रस्त्यावर येते आणि बस चालवणाऱ्या नवऱ्याची, सुच्चासिंगची, भाकरी घेऊन उभी राहते. एके दिवशी तिला उशीर होतो. नवरा रागाने बस न थांबवता निघून जातो आणि ती रात्रीपर्यंत तिथेच थांबते. घडते एवढेच. पण थांबणे म्हणजे काय, हे या चित्रपटाने जसे दाखवले तसे भारतीय पडद्यावर आधी कोणी दाखवले नव्हते. वाट पाहणाऱ्या माणसाला घड्याळातली वेळ कळेनाशी होते. घडलेले, घडेल असे वाटणारे आणि नुसते मनात आलेले सारे एकाच पातळीवर येते. कौल यांनी त्यासाठी दोनच भिंगे योजली. २८ मिलिमीटरच्या भिंगातून दूरपर्यंतचे सारे स्पष्ट दिसते आणि ७५ मिलिमीटरच्या भिंगात चेहऱ्यामागचे जग विरघळून जाते. आरंभी एक भिंग प्रत्यक्षासाठी आणि दुसरे कल्पनेसाठी आहे असे वाटते, पण पुढे ही वाटणी दिग्दर्शक मुद्दाम मोडतो. के. के. महाजन यांच्या कॅमेऱ्यासमोरची माणसे संवाद सपाट स्वरात म्हणतात. फ्रेंच दिग्दर्शक रॉबेर ब्रेसाँ यांचा तो प्रभाव, तर बायकांच्या बसण्या-उभे राहण्यात अमृता शेरगिल यांची चित्रे दिसतात. पहिली वीस मिनिटे चुळबुळीत गेली तरी उठू नये. पुढे वाऱ्याचा आवाज, दुरून येणारी बस, पीठ मळणारे हात यांना वजन येऊ लागते.

‘घाशीराम कोतवाल’ हा चित्रपटही आहे, हे कित्येक मराठी नाट्यप्रेमींना ठाऊक नसते. विजय तेंडुलकरांचे नाटक १९७२ चे. १९७६ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ ही सहकारी संस्था काढून त्यावर चित्रपट केला, पटकथा तेंडुलकरांचीच. के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप असे चार दिग्दर्शक. नाना फडणवीस मोहन आगाशे यांचा आणि घाशीराम ओम पुरी यांचा; पुरींचा हा पहिला चित्रपट. नाटकाचा प्राण असलेली माणसांची भिंत कॅमेऱ्यासमोर कशी उभी करायची, हा प्रश्न त्यांनी हंगेरियन दिग्दर्शक मिक्लोश यांचो यांच्या धर्तीवर, लांबलचक न तोडलेल्या शॉटमधून सोडवला. नाटकाची नुसती चित्रित प्रत पाहायला मिळेल या अपेक्षेने बसणाऱ्याला धक्का बसेल. इथे लय वेगळी आहे, थंड आणि राजकीय आहे. हा चित्रपट भारतात मिळेनासा झाला होता. बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेने एक प्रत जपून ठेवली होती, तिच्यावरून नंतर डिजिटल प्रत तयार झाली. मराठीतले एवढे मोलाचे काम जर्मनीतल्या कपाटात टिकावे, ही इथल्या जतनाच्या व्यवस्थेला बोचायला हवी अशी गोष्ट आहे.

‘ओम दर-ब-दर’ शेवटी ठेवावा. कमल स्वरूप यांनी तो एनएफडीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, पैशातून १९८८ मध्ये पुरा केला आणि तो थिएटरात लागला जानेवारी २०१४ मध्ये, म्हणजे पंचवीसहून अधिक वर्षांनी. अजमेर-पुष्करकडचा ओम नावाचा मुलगा, सरकारी नोकरी सोडून ज्योतिषी झालेले त्याचे बाबूजी, बहीण गायत्री, पोटात हिरे असलेले बेडूक आणि पाण्याखाली श्वास कोंडून राहण्याची ओमची करामत, एवढे सांगून कथा सांगितल्यासारखे होत नाही. पुराण, शाळेतले जीवशास्त्र, जाहिराती आणि सिनेमाची गाणी छोट्या गावातल्या एका मुलाच्या डोक्यात एकत्र खदखदतात, तशीच या चित्रपटाची रचना आहे. अर्थ लावत बसण्याऐवजी रजत ढोलकिया यांच्या संगीतामागे जावे. बेडकाच्या शास्त्रीय नावावरून, ‘राना टिग्रिना’वरून, इथे चक्क गाणे आहे.

लहान मुलांसोबत पाहायचा असेल, तर या पाचांच्या बाहेरचा जी. अरविंदन यांचा १९७९ चा मल्याळी ‘कुम्माट्टी’ निवडावा. त्याची जीर्णोद्धारित प्रत २०२१ मध्ये तयार झाली, त्यामुळे शाजी करुण यांनी टिपलेली मलबारची हिरवळ पुन्हा ताजी झाली आहे. गावात दरवर्षी येणारा म्हातारा जादूगार खेळता खेळता मुलांना प्राणी करतो आणि चिंदन नावाचा मुलगा कुत्रा होऊन तसाच राहून जातो. जादूगार परत येईपर्यंत त्याला त्या रूपात दिवस काढावे लागतात. पुन्हा माणूस झाल्यावर तो घरी जातो, पिंजऱ्याचे दार उघडतो आणि आतला पक्षी सोडून देतो.